बाळाची आकडी : दोष कोणाचा?

शास्त्रवाचन : योहान ९:१-७



आकडी येणाऱ्या बाळाला भेटायला पाड्यावर गेले की आई औषधाचे नंतर विचारते; आधी विचारते, “ताई, माझं काय चुकलं?” घरचे म्हणतात, ग्रहणात विळी धरली, बाहेरची बाधा झाली. मंडळीतही कोणीतरी हळूच म्हणते, आईबापांचे काही पाप असेल. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते. प्रभूने तो दोष त्या माणसावरही ठेवला नाही आणि त्याच्या आईबापांवरही नाही.

तान्ह्या बाळाला आकडी अनेक कारणांनी येते : जन्मताना श्वास कोंडणे, मेंदूत जंतुसंसर्ग, रक्तातील साखर उतरणे. काही बाळांत मात्र कारण जनुकात असते. जनुक म्हणजे शरीर कसे घडावे व चालावे याची पेशीत लिहिलेली सूचना. तीत एखादे अक्षर बदलले तरी मेंदूतील विजेचे संदेश बेताल होऊ शकतात.

ड्रावे सिंड्रोम हे त्याचे एक उदाहरण. फ्रान्सच्या डॉ. शार्लोट ड्रावे यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले. पहिल्या वर्षात, बहुधा तापात, लांबलेली आकडी येते. पुढे ती वारंवार येते आणि मुलाची वाढ मागे पडते. (तापात आकडी येणाऱ्या बहुतेक बाळांना हा आजार नसतो.) २००१ मध्ये एससीएन१ए या जनुकाशी त्याचा संबंध सापडला. दहापैकी सुमारे नऊ बाळांत हा बदल आईबापांकडून आलेला नसतो, नव्यानेच घडलेला असतो. ग्रहणाने नव्हे, आईच्या खाण्यापिण्यानेही नव्हे.

कारण कळले की उपचारही बदलतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही आकडीची नेहमीची औषधे ड्रावेमध्ये त्रास वाढवू शकतात. दुसऱ्या एका जनुकीय आजारात बी-६ जीवनसत्त्व आयुष्यभर दिल्याने आकडी आटोक्यात राहते. तो आजार आईबाप दोघांकडून येतो, ते स्वतः निरोगी असले तरी. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. हेही कोणाचे पाप नव्हे, पण पुढच्या बाळासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

निदान झाले म्हणजे मूल बरे झाले असे नाही. ड्रावे पूर्ण बरा होत नाही. रिपोर्ट ऐकून आईबाप रडतात. तरी आईच्या माथ्यावरचा दोष उतरतो आणि भगताकडच्या फेऱ्या थांबू शकतात.

आपण काय करावे?

१. आकडी आली की बाळाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका; कांदा-चप्पल हुंगवू नका.
२. पहिलीच आकडी असेल किंवा पाच मिनिटांहून लांबली, तर लगेच दवाखान्यात न्या.
३. चालू औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.
४. प्रार्थना करा, आणि जिल्हा रुग्णालयात त्या आईच्या सोबतही जा.

मनन : आपल्या मंडळीत अशा आईला आपण काय विचारतो – “काय चुकलं?” की “कधी निघायचं?”