सोयाबीन सोसत नसेल तर…

ताईंनो, मागच्या पोषण प्रशिक्षणात मीच सांगितलं होतं, पाच किलो गव्हात अर्धा किलो सोयाबीन टाकून दळा. बऱ्याच घरांत ते चांगलं चाललं. पण एका ताईंच्या चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर जेवण झालं की लाल चट्टे उठायला लागले, ओठ सुजायचे. घरचे म्हणाले, पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी लावून झालं. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं, सोयाबीनची ॲलर्जी आहे. ही बाजू मी तेव्हा सांगितली नव्हती, म्हणून आज लिहितेय.

घर माळकरी, अंडी नाहीत. सासूबाईंनी विचारलं, "मग लेकराला ताकद कशातून येणार?" प्रश्न बरोबरच होता. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात. मूग, मटकी, तूर, हरभरा यांत २० ते २४ च्या आसपास. पण सोयाबीन आपण खातो तरी किती? दोन्ही वेळा वरण किंवा उसळ आणि सोबत भाकरी असली, तर भर निघते. डाळीत जे कमी ते ज्वारी-बाजरी भरून काढते, ज्वारीत कमी ते डाळ. दूध-दही सोसत असेल तर द्या. तेही चालत नसेल तर नाचणी, तीळ वाढवा आणि बी-१२ च्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, ते डाळी-भाजीतून मिळत नाही.

शेंगदाणाही त्याच वर्गातला, म्हणून तो आपल्या मनाने बंद करू नका. बहुतेकांना एक सोसत नाही, बाकीचं चालतं. रिफाइंड सोया तेलात प्रथिनं जवळजवळ नसतात, ते बहुतेकांना चालतं. घाण्याच्या तेलाचं तसं नाही. दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खरी अडचण लपलेल्या सोयाबीनची. बिस्किट, चॉकलेट, मल्टीग्रेन आटा, लहान मुलांच्या पोषण आहाराचं पाकीट, सगळ्यांवर मागच्या बाजूला घटक छापलेले असतात. 'सोया' शब्द शोधा. लेसिथिन किंवा ३२२ हा आकडा दिसला तरी थांबा, ते बहुधा सोयाबीनचंच असतं. आणि गिरणी! आपल्या आधी कुणाचं सोयाबीनचं दळण झालं असेल तर पीठ मिसळतं. त्या ताई आता गिरणीवाल्या दादांना सांगून सकाळी, गिरणी साफ केल्यावर, पहिलं दळण आपलं टाकतात.

जेवल्यावर श्वास लागला, आवाज बसला, जीभ-चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक रिकामं पाकीट आणा, घटक मिळून वाचू.