माश्या शेजाऱ्यांच्या, सूज आमच्या घरी

पोळं त्यांच्या छज्ज्याखाली, पण माश्यांची सगळी ये-जा आमच्या नळावर. मध्य प्रदेशातल्या आमच्या सोनकच्छला उन्हाळ्यात काली सिंध नदीचं पाणी ओसरलं की ओल उरते ती नळाखालीच, आणि तहान गांधीलमाशीलाही लागते.

चैत्रात ते सुपारीएवढं होतं. बारीक देठाला उलटं लटकलेलं, चघळलेल्या लाकडाच्या लगद्याचं, राखाडी. वर दोन-तीनच माश्या. तेव्हाच शेजारच्या भाईसाहेबांना दाखवलं. "कई नी होय, भाभीजी!" तळहाताएवढं झालं तेव्हा पुन्हा सांगितलं, तर म्हणे तुम्ही मराठी लोक फार घाबरट.

मग एका भर दुपारी, कुणाला न सांगता, त्यांनी बांबूला रॉकेलचा बोळा बांधून तो पोळ्याला लावला. खाली आमच्या सासूबाई हंडा भरत होत्या. पोळं पडलं, माश्या उधळल्या आणि भाईसाहेब आत. जाळीच्या दाराआडून "पळा, पळा" ओरडत होते. सासूबाई त्याच दाराशी गेल्या, पण कडी काही निघाली नाही. जाळीमागचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

माश्या पांगल्यावर आले, तेही चाकू घेऊन, काटा काढायला! अहो, काटा मधमाशी सोडते. गांधीलमाशी नांगी परत नेते, म्हणून तर एकच माशी पुन्हा पुन्हा डसते. कुणी चुना आणला, कुणी लोखंड घासा म्हणालं. या गोंधळात सासूबाईंचं बोट सुजून अंगठी रुतली, ती सोनाराकडून कापावी लागली. म्हणून आधी अंगठ्या-बांगड्या उतरवा. मग साबणाने धुवा, बर्फ फडक्यात गुंडाळून धरा. ओठ-जीभ सुजली, धाप लागली, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं.

पोळं कुणाच्या वाटेत नसेल तर राहू द्या, भाजीवरच्या अळ्या त्याच उचलून नेतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी एका जातीच्या गांधीलमाश्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिच्यातली राणी म्हणे अगदी शांत, कुणावर अरेरावी नाही. शेजार मिळावा तर असा.

काढायचंच तर सुपारीएवढं असताना, आणि अंधारात, सगळ्या पोळ्यावर गप्प बसल्यावर. अंग पूर्ण झाकून. हातात टॉर्च धरू नका, उजेडावर झेपावतात. मोठं असेल तर माहीतगार माणूस बोलवा, शिडीवरची मर्दुमकी नको. जाळायचं तर मुळीच नाही. आणि आजूबाजूच्यांना आधी सांगा, एवढी माणुसकी तरी हवी.

आणखी एक. शेजाऱ्याला तोंडी सांगून थांबू नका, फोटो काढून मोबाइलवर पाठवून ठेवा. आमचे भाईसाहेब आता गल्लीभर सांगतात, मला कुणी काही बोललंच नव्हतं.