ऑडिशन घेणार असशील तर

पोरी, शॉर्टफिल्म वीस मिनिटांची असली, तरी माणसं निवडायला चार दिवस ठेव. एका दिवसात साठ जणांना बघायला बसलं, की शेवटच्या वीस जणांकडे नुसते डोळे असतात, लक्ष नसतं.

दिवस ठरवण्याआधी केळीच्या बागांत चक्कर मार. कापणी लागली, की घड वाहणारा आणि गाडी भरणारा माणूस सकाळी मोकळा नसतो. तुला तर बापाच्या भूमिकेसाठी तोच चेहरा हवाय. बाजाराचा दिवस टाळ. वैशाखात यावलला दुपारी कुणाला बोलावू नकोस, संध्याकाळी पाचनंतर ठेव. खोली रस्त्यापासून आत असावी, माणसाचं तोंड खिडकीकडे. मोबाइल आडवा, तिवईवर. पंखा फक्त रेकॉर्डिंगपुरता बंद.

जाहिरातीत ‘नवोदितांना सुवर्णसंधी’ असलं काही नको. भूमिका कोणती, वय किती, शूटिंग किती दिवस, जेवण आणि येण्याजाण्याचं भाडं कोण देणार, मानधन आहे की नाही, एवढं लिही. नोंदणीसाठी एक रुपयाही घेऊ नकोस.

बोली नीट ऐक. यावल-फैजपुरात लेवा गणबोली, धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी. बाहेरच्याला हे सगळं ‘खान्देशी’ वाटतं. पण तुझ्या फिल्ममधल्या लेवा घरातल्या आजीच्या तोंडी अहिराणीतलं ‘शे’ आलं, की आपल्याकडचा प्रेक्षक तिला त्या घरची मानणार नाही. म्हणून संवादाचा कागद आधी देऊच नकोस. ‘काल घरी काय झालं ते सांगा’ म्हण. माणूस स्वतःच्या बोलीत आला, की मग कागद दे.

आता खरं सांगायचं ते. बोलताना सगळेच चांगले दिसतात, तू ऐकताना बघ. तरुणपणी गणपतीतल्या नाटकासाठी मी एक मुलगा निवडला. पानभर स्वगत घडाघडा म्हणाला, मी भाळलो. तालमीत कळलं, समोरचा बोलत असताना हा मनात स्वतःचं पुढचं वाक्य घोकत असतो. नाटक त्यातच पडलं, आणि चूक माझी होती. तेव्हापासून मी दोघांना समोरासमोर बसवतो. एकाला वाईट बातमी सांगायला लावतो आणि कॅमेरा दुसऱ्यावर ठेवतो. मग तोच प्रसंग उलट सांगतो: ‘ही बातमी तुला आधीच माहीत आहे, लपव.’ सूचना दिल्यावर माणूस बदलतो का, हे तिथे कळतं. पहिल्यांदा कच्चा असून बदलणारा घे. पहिल्यांदाच पक्का असून तसाच राहणारा पुढे जड जातो.

आणि खोलीत जे येतील तेवढेच उमेदवार, असं धरू नकोस. 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना तारामती मिळेना, तेव्हा मुंबईत ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांनी हेरले. पुढे 1917च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्याच साळुंक्यांनी केले. नागराज मंजुळ्यांना ‘फँड्री’चा जब्या, सोमनाथ अवघडे, हलगी वाजवताना दिसला. तूही एसटी स्टँडवर, वहीगायनाच्या कार्यक्रमात, केळी भरणाऱ्या ट्रकांपाशी बसून ये. मात्र कुणाचं लपून चित्रण करायचं नाही, आधी विचारायचं.

मुली आणि लहान मुलं येतील तेव्हा दार उघडं, घरचं माणूस समोर. चौदा वर्षांच्या आतलं मूल निवडलंस आणि फिल्म व्यावसायिक असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. रडण्याच्या प्रसंगासाठी मुलाला खरंच घाबरवून रडवणारे लोक मी पाहिलेत. तू ते करू नकोस. परीक्षेच्या दिवसांतही त्याला बोलावू नकोस.

निवड झाली, की आधी फोन कर तो न घेतलेल्यांना. ‘कळवतो’ म्हणून माणसाला टांगणीला ठेवू नये; तो शूटिंगच्या दिवसांची मजुरी सोडून बसलेला असतो. जो आवडला पण या गोष्टीत बसला नाही, त्याचं नाव, गाव, बोली वहीत लिहून ठेव. आणि फोन दिवेलागणीनंतर कर, तोवर माणूस शेतातून घरी आलेला असतो.