शिवडीच्या मावशीचे कानमंत्र : नवा फोन घेण्याआधी

नवा फोन घेतोयस असं ताईकडून कळलं. घे बाबा, हौसेने घे. पण आधी मावशीचं ऐक. अमेरिकेहून आलेला फोन मी चाळभर मिरवला होता आणि मग वर्षभर गॅलरीत लटकून बोलले होते.

१. खोक्यावर मोठ्या अक्षरात '५जी' दिसलं की हुरळू नकोस, बारीक अक्षरातले बँडचे, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांचे, आकडे शोध – गाडी कितीही जलद असो, शिवडीला हार्बरच थांबते.

२. आधी आपलं सिम कुणाचं ते बघ, मग आकडे जुळव. जिओला ४जीसाठी ३, ५ आणि ४०, तर ५जीसाठी एन२८ आणि एन७८ लागतात. एअरटेलचं ५जीही मुख्यतः एन७८ वर – जेवायचं ज्या घरी, चूल पेटलेली हवी त्याच घरी.

३. 'बँड ५' म्हणजे ५जी नव्हे, तो ८५० मेगाहर्ट्झचा ४जीचा पट्टा आहे – यावरून मी दुकानदाराशी तावातावाने भांडले आणि त्याचाच चहा पिऊन मुकाट घरी आले.

४. फोनच्या नावावर जाऊ नकोस, खोक्यावरचा मॉडेल नंबर उतरवून घे आणि कंपनीच्या यादीत तोच नंबर शोध – एकाच नावाचे फोन देशोदेशी वेगवेगळे बँड घेऊन निघतात.

५. परदेशातून कुणी फोन आणणार असेल तर तो निघण्याआधीच आकडे विचार. माझ्या त्या फोनमध्ये ४० नंबरचा बँडच नव्हता – पाहुण्याचं घड्याळ देखणं, पण वेळ त्याच्या गावची.

६. जिओचं ५जी घेणार असशील तर यादीत 'एसए', म्हणजे स्टँडअलोन, लिहिलंय का बघ – ते ५जी ४जीच्या काठीशिवाय चालतं, ते फोनलाही जमायला हवं.

७. फोन व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलणं, करतो ना, तेही विचार – जिओकडे २जी, ३जी नाहीच, व्होल्टी नसेल तर इंटरनेट धावेल आणि साधा फोन लागणार नाही.

८. अपडेट आलं की टाळू नकोस. मुंबईत ५जी आलं ऑक्टोबर २०२२ मध्ये, पण आयफोनवाले डिसेंबरच्या अपडेटपर्यंत नुसते बघत बसले – खिडकी असून भागत नाही, कडीही उघडावी लागते.

९. रेंज खाडीवर फ्लेमिंगो बघताना तपासू नकोस, घरात मोरीजवळ उभा राहून तपास. आपल्या बीडीडी चाळीच्या शंभरी गाठलेल्या जाड भिंतींतून एन२८ चा ७०० मेगाहर्ट्झ बराच आत शिरतो, एन७८ चा ३५०० लवकर दमतो – उघड्यावर सगळेच पैलवान.

१०. घरी आल्यावर नेटवर्क दाखवणारं एखादं ॲप टाक आणि फोन खरोखर कुठल्या बँडवर बसलाय ते बघ – यादी सांगते काय जमेल, ॲप सांगतं काय जमतंय.

११. सिम दोन्ही खाचांत घालून बघ, आणि दोन्हीकडून एकेक फोन लावून बघ – दुसरी खाच बिघडलेली असली तर ती नेमकी प्रवासात कळते.

१२. रेंज नसली की लगेच फोनला शिव्या देऊ नकोस. तेच सिम शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालून त्याच जागी बघ – दोष फोनचा की टॉवरचा, ते पाच मिनिटांत कळतं.

१३. फोन किती दिवसांत परत घेतील ते पैसे देण्याआधी विचार, आणि वरची सगळी तपासणी त्याच दिवसांत उरक – मुदत टळली की बिल नुसतं पुडी बांधायच्या कामाचं.

एवढं झालं की पहिला फोन मला लाव. मी घरात, पंख्याखाली बसून उचलेन. गॅलरीत आता फक्त कपडे वाळतात.