शिरेतून दिलेले अन्न आणि त्याची टंचाई

अन्न म्हटले की मुख, जठर आणि आतडे यांची आपल्याला आठवण होते. परंतु ज्या रोग्याचे बरेचसे आतडे शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागले आहे, किंवा जे बालक दिवस भरण्यापूर्वीच जन्मास आले आहे, त्याला या मार्गाने पुरेसे अन्न देता येत नाही. अशांचे सर्व पोषण शिरेतून करावे लागते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे स्टॅनली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या पिलांना केवळ शिरेतून अन्न देऊन वाढविले आणि ही पद्धत सिद्ध केली.

या अन्नात द्राक्षशर्करा, अमिनो अम्ले, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वे आणि जस्त, तांबे, सेलेनियम यांसारखी सूक्ष्म द्रव्ये असतात. तोंडाने जेवणाऱ्याला एका पदार्थातून न मिळालेले द्रव्य दुसऱ्यातून मिळते. शिरेतून पोसल्या जाणाऱ्या रोग्याला मात्र पिशवीत जे असेल तेवढेच मिळते. म्हणून एखाद्या लहानशा घटकाची टंचाईही त्याच्या जिवावर बेतू शकते.

थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, याचे उदाहरण घेऊ. द्राक्षशर्करेपासून पेशींना पूर्ण शक्ती मिळण्यासाठी थायामिन आवश्यक असते. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपू शकतो. चुलीत लाकडे भरपूर असूनही हवा कोंडली तर जाळाऐवजी धूर होतो. त्याचप्रमाणे शर्करा मिळत असूनही थायामिन नसेल, तर तिचे ज्वलन अर्धवट राहते, रक्तात लॅक्टिक अम्ल साचते आणि रोगी अत्यवस्थ होतो. अमेरिकेत १९९७ मध्ये जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनांची देशव्यापी टंचाई असताना असे रोगी आढळले. अशा वेळी रक्तातील आम्लता कमी करणारी औषधे पुरी पडत नाहीत. शिरेतून थायामिन दिल्यावर मात्र प्रकृती लवकर सुधारते. तसेच डिसेंबर २०१२ मध्ये, जस्ताच्या इंजेक्शनांची टंचाई असताना, वॉशिंग्टन येथे अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या त्वचेवर जस्ताच्या अभावाचे विकार दिसून आले.

टंचाई का पडते? ही द्रव्ये पूर्णपणे निर्जंतुक अवस्थेत तयार करावी लागतात आणि त्यांचे कारखाने थोडे असतात. एक बंद पडला तर दुसऱ्यांना ती उणीव लगेच भरून काढता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये चक्रीवादळामुळे आलेल्या पुराचे पाणी नॉर्थ कॅरोलिनातील एका कारखान्यात शिरले. अमेरिकेला लागणाऱ्या शिरेतील द्रावणांपैकी सुमारे ६० टक्के द्रावणे तेथे तयार होत असत.

अशा प्रसंगी काय करावे? पहिला नियम असा की, ज्याचे आतडे थोडेफार काम करते त्याला तोंडाने किंवा नळीने अन्न द्यावे आणि ही शक्यता प्रत्येक रोग्याच्या बाबतीत पुनःपुन्हा तपासावी. दुसरा नियम, उरलेला साठा ज्यांना दुसरा उपाय नाही त्यांच्यासाठी, विशेषतः नवजात अर्भकांसाठी, राखावा. तिसरा, जीवनसत्त्वांचे मिश्रण न मिळाल्यास थायामिन, फॉलिक अम्ल, पिरिडॉक्सिन व क जीवनसत्त्व ही निरनिराळी द्यावीत. थायामिन तर कधीही वगळू नये. चौथा, बदली औषधाची तीव्रता वेगळी असू शकते, म्हणून मात्रा दोघांनी तपासावी. पाचवा, जो घटक कमी केला असेल त्याच्या अभावाची लक्षणे रोज शोधावीत. हे सर्व निर्णय अर्थातच वैद्य, औषधनिर्माते व परिचारिका यांनी एकत्र बसून घ्यावयाचे असतात.

शेवटची गोष्ट साठेबाजीची. भीतीपोटी एका रुग्णालयाने गरजेपेक्षा अधिक कुप्या कपाटात ठेवल्या, तर दुसऱ्या रुग्णालयातील बालक त्यांना मुकते. टंचाईत औषध वाढविणे आपल्या हाती नसते, परंतु त्याची न्याय्य वाटणी आपल्या हाती असते. तिच्यावरच कित्येकांचे प्राण अवलंबून असतात.