कशेडी घाटात ताशी ८५

महाडच्या एमआयडीसीतून चिपळूणला माल पाठवायचा, वाटेत पोलादपूर आणि खेडला थोडा उतरवायचा. कोणत्या गाडीने आधी कुठे जायचं हे गणित संगणकाकडून फुकटात करून घेता येतं. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपचे, दोन ठिकाणांमधला वेळ काढायला ओएसआरएम, गाड्यांना फेऱ्या वाटून द्यायला व्हरूम. प्रस्तुत लेखकाने ही जोडणी बसवली, तेव्हा पहिल्याच वेळापत्रकात पोलादपूर-खेड इतक्या कमी वेळात आटोपलं होतं की ड्रायव्हर मंडळींनी कागद वाचून मुकाट्याने टेबलावर परत ठेवला.

कारण सेटिंगच्या फाईलीत होतं. ओएसआरएमसोबत तीन प्रोफाइल मिळतात: मोटार, सायकल आणि पायी. ट्रकचं नाही. नकाशात वेगमर्यादा नोंदलेली नसेल, तर मोटारीचं प्रोफाइल 'ट्रंक' वर्गाच्या रस्त्याला ताशी ८५ किलोमीटर धरतं, आणि आपले राष्ट्रीय महामार्ग बहुतेक याच वर्गात आहेत. चढ-उताराचा हिशोब त्यात नाही. भरलेली दहाचाकी पोलादपूर-खेड वाटेवरचा कशेडी घाट कशी चढते, हे मात्र महाडातल्या नव्या क्लीनरलाही ठाऊक असतं.

म्हणून ट्रकसाठी ओएसआरएमऐवजी व्हॅलहॅला घ्यावं. त्यात गाडीची उंची, वजन, अ‍ॅक्सलवरचा भार, घातक माल हे सगळं सांगता येतं. सांगितलं नाही, तर ते वजन २१.७७ टन धरून चालतं. आपल्याकडे २०१८ पासून दहाचाकीचं पासिंग २८.५ टनांचं आहे. रसायनांचे टँकर जिथून रोज सुटतात, तिथे घातक मालाचा रकाना रिकामा ठेवणं तर धोक्याचंच.

बोगद्याचंही तसंच. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीचा एक बोगदा कोकणात जाणाऱ्या हलक्या वाहनांना एकेरी खुला झाला. असा रस्ता नकाशावर आला, की ओएसआरएमचं मोटारीचं प्रोफाइल ट्रकलाही तिकडेच धाडतं. अवजड वाहनांची बंदी नकाशात नोंदलेली असली तरी ते ती पाहत नाही.

मग रस्ता बंद पडल्यावर काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, जुलै २०२१ मध्ये महाड पुराखाली गेलं. महिन्याभरापूर्वी उतरवलेल्या नकाशाला यातलं काहीच कळत नाही. ओएसआरएमच वापरत असाल, तर त्यात यावर सोपी सोय आहे: एका सीएसव्ही फाईलीत बंद तुकड्याच्या दोन टोकांचे क्रमांक आणि पुढे वेग शून्य लिहायचा. घाटातला खरा वेगही याच फाईलीत भरता येतो. पावसाळ्यात ही फाईल रोज सकाळी एकाच माणसाने, ड्रायव्हरांना फोन करून, भरावी. दोघांवर सोपवलं की ते राहून जातं. वरंध घाट अवजड गाड्यांना बंद झाला किंवा गणपतीत महामार्गावर ट्रकबंदी लागली, तर जिल्हा प्रशासनाचा आदेशच समोर ठेवावा. बंदीच्या तासांत गाडी उभी राहील, अशा वेळा व्हरूममध्ये प्रत्येक गाडीला लावून देता येतात.

नकाशातली कायमची चूक मात्र स्वतःच्या फाईलीत दडवू नये, ओपनस्ट्रीटमॅपवरच सुधारावी. खेडच्या वाहतूकदाराला तीच दुरुस्ती आयती मिळते. फक्त व्यावसायिक नकाशावरून काही उतरवून घेऊ नये, परवान्यात ते बसत नाही. आपल्या ड्रायव्हरच्या मोबाइलवर नोंदलेला जीपीएसचा माग चालतो.