आनंदबाजार

भाद्रपद सरत आला की पावसाचा जोर ओसरतो, आकाश धुतल्यासारखे निळे दिसू लागते आणि पहाटेच्या वेळी अंगणात पारिजातकाचा सडा पडतो. केशरी देठाचे हे इवलेसे पांढरे फूल आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. बंगालमध्ये त्याला शिउली म्हणतात. आणि शिउली फुलली म्हणजे शरद ऋतू दाराशी आला, असे तेथील लहानथोर मानतात. नदीनाल्यांच्या काठी काशगवताचे पांढरे तुरे वाऱ्यावर डोलू लागतात. मुलांना तर ही खूण फारच प्रिय, कारण तिच्यामागोमाग पूजेची मोठी सुटी येते.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूर गावाजवळ, पाठभवन नावाची एक शाळा आहे. सुटी लागण्यापूर्वी ह्या शाळेत जी धांदल उडते, तिची हकीकत मोठी ऐकण्यासारखी आहे. परंतु त्याआधी शाळेची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

शाळा जेथे आहे, त्या जागेचे नाव शांतिनिकेतन. एके काळी हा लाल मातीचा, जवळजवळ ओसाड माळ होता. पावसाच्या पाण्याने जमीन खचून जागोजाग घळी पडल्या होत्या. त्या उघड्या माळावर सप्तपर्णीची दोन झाडे तेवढी उभी होती. महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर ह्या वाटेने जात असता त्या झाडांखाली विसावले आणि तेथील शांतता त्यांच्या मनात भरली. 1863 साली त्यांनी वीस बिघे जमीन कायमच्या पट्ट्याने घेतली. त्यांचे पुत्र कवी रवींद्रनाथ ह्यांनी 1901 च्या डिसेंबरात तेथे शाळा उघडली. विद्यार्थी किती? अवघे पाच! त्यांत एक रवींद्रनाथांचा स्वतःचाच मुलगा. शाळा चालवायची म्हणजे पैसा हवा. रवींद्रनाथांनी आपले पुरी येथील घर विकले; त्यांच्या पत्नी मृणालिनीदेवी ह्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले. त्या पाच मुलांच्या शाळेभोवती पुढे 1921 मध्ये विश्वभारती ही संस्था उभी राहिली आणि 1951 मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. 2023 साली युनेस्कोने शांतिनिकेतनाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. एवढा पसारा वाढला, तरी पाठभवनाचे वर्ग अजून झाडांखालीच भरतात. आम्रकुंजात किंवा शालवृक्षांच्या रांगेत मुले आपापले आसन पसरतात आणि गुरुजींसमोर अर्धवर्तुळ करून बसतात. पाऊस आला तर मात्र वह्या पोटाशी धरून आडोसा गाठावा लागतो. असा पाऊस आपल्याही शाळेत यावा, असे कोणाला वाटले तर नवल नाही!

ह्या शाळेत गाणे, नृत्य, चित्रकला आणि हस्तकला ह्यांना गणित-भाषेच्या पंक्तीला बसवलेले आहे. वेळ उरला तर चित्र काढावे, अशी तेथे रीत नाही. 1919 साली तेथे कलाभवन सुरू झाले आणि थोर चित्रकार नंदलाल बसू त्याचे प्रमुख झाले. भारताच्या राज्यघटनेची जी हस्तलिखित प्रत आहे, तिची पाने ह्याच नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली. आपल्या महाराष्ट्रातून गेलेले विनायक मासोजी हे कलाभवनाच्या आरंभीच्या काळातले विद्यार्थी. पुढे ते तेथेच शिक्षक झाले. असे मोठे कलावंत शेजारी राहत, आणि शाळेतील मुले त्यांना भिंतीवर चित्रे काढताना येता-जाता पाहत. मग मुलांनाही कुंचला हाती घ्यावासा वाटला, तर त्यात आश्चर्य कसले?

ऋतू बदलला की त्याचा उत्सव करावयाचा, ही शांतिनिकेतनाची जुनी प्रथा. ह्या प्रथेचा आरंभ मोठ्या माणसांनी केला असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्र हा ह्याच शाळेत शिकत होता. 1907 च्या आरंभी, वसंतपंचमीच्या सुमारास, त्याने सवंगड्यांना गोळा केले आणि ऋतूंचा उत्सव मांडला. कोणी वसंत झाला, कोणी वर्षा झाला. गाणी झाली, फुलांचे साज झाले. त्या वेळी शमींद्र जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याच वर्षी पूजेच्या सुटीत तो एका मित्राबरोबर मुंगेर येथे गेला. तेथे त्याला पटकीची बाधा झाली आणि नोव्हेंबरात त्याचा अंत झाला. सुटी संपली, मुले परतली. त्यांत शमींद्र नव्हता.

पुढच्या वर्षी, म्हणजे 1908 साली, शरद ऋतू आला तेव्हा रवींद्रनाथांनी शाळेतील मुलांसाठी एक नाटक लिहिले. त्याचे नाव ‘शारदोत्सव’. वेतसिनी नावाच्या नदीच्या काठी सुटी लागलेली मुले हुंदडत आहेत, असा त्यातला देखावा आहे. त्यांच्याबरोबर ठाकुरदादा नावाचा एक हसरा म्हातारा आहे. मात्र उपनंद नावाचा एक मुलगा खेळायला येत नाही. तो एकटा बसून पोथ्या नकलून काढतो आहे. का? त्याचे गुरू सुरसेन हे वीणावादक होते. ते वारले, पण लक्षेश्वर नावाच्या कंजूष सावकाराचे कर्ज मागे राहिले. पोथ्या लिहून मिळेल त्या पैशातून ते कर्ज फेडावयाचे, असा उपनंदाचा निश्चय आहे. अशा वेळी एक संन्यासी तेथे येतो. ‘आज सुटी आहे, ऊठ, खेळ’ असे तो सांगत नाही. तो उपनंदाजवळ बसतो आणि त्या कामात वाटा मागतो. हा संन्यासी म्हणजे वेष पालटून आलेला सम्राट विजयादित्य, हे शेवटी उघड होते. पुढे स्वतः रवींद्रनाथांनीही ह्या संन्याशाची भूमिका केली. पावसाने पृथ्वीला भरभरून दिले. शरदात ती धान्याच्या आणि फुलांच्या रूपाने ते ऋण फेडते, म्हणून ती इतकी प्रसन्न दिसते, असा ह्या नाटकामागचा विचार आहे. कर्ज फेडण्यात आनंद कसला, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणी विचारील. उपनंदाने केलेले काम त्याच्यावर कोणी लादलेले नव्हते, एवढे ध्यानात घेतले की त्याचे उत्तर सापडू लागते.

अशा परंपरेची ही शाळा; म्हणून सुटीच्या आधीचे दिवस तेथे नाटकांचे, गाण्यांचे आणि नृत्यांचे असतात. संध्याकाळी दिवेलागण झाली की कोणता ना कोणता प्रयोग असतोच. दिवसा तालमी, पडदे रंगवणे, मुकुटांना सोनेरी कागद चिकटवणे. परंतु मुलांचे खरे लक्ष लागलेले असते ते महालयेच्या दिवसाकडे. त्या दिवशी भरतो आनंदबाजार.

महालया म्हणजे आपली सर्वपित्री अमावास्या. आपल्याकडे पितृपंधरवड्यात कोणी नवे काम हाती घेत नाहीत. मग ह्याच दिवशी तेथे मुलांची जत्रा कशी, असा विचार आपल्या मनात येतो. बंगालमध्येही त्या दिवशी पहाटे लोक नदीवर जाऊन पितरांचे तर्पण करतात. परंतु देवीच्या आगमनाची चाहूलही त्याच पहाटे लागते. अजून झुंजूमुंजू झालेले नसते, तोच घराघरांतून आकाशवाणीवरील ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम ऐकू येऊ लागतो. 1930 नंतरच्या काही वर्षांत सुरू झालेला हा कार्यक्रम बंगाली माणूस वर्षानुवर्षे तितक्याच भक्तीने ऐकत आला आहे. सारे बंगाल असे दुर्गापूजेच्या तयारीत असते. शांतिनिकेतनाच्या आश्रमात मात्र मूर्तिपूजा नाही. देवेंद्रनाथांनी तसा दंडकच घालून ठेवला होता. त्यामुळे आश्रमाने उत्सवासाठी ऋतूच निवडला, आणि सुटीपूर्वीचा हा दिवस मुलांच्या वाट्याला आला.

बाजाराची जागा म्हणजे गौरप्रांगण हे शाळेचे मोठे पटांगण. बांबू रोवून, चटया आणि जुन्या साड्या बांधून मुले आपापली दुकाने उभारतात. हातांनी रंगवलेल्या पाट्या टांगतात. दुकानाला गमतीदार नाव द्यावे, ही येथील हौस; नाव वाचूनच गिऱ्हाईक हसले पाहिजे! जमिनीवर तांदळाच्या पिठीच्या आल्पना रेखतात. आल्पना म्हणजे बंगालची रांगोळी. फरक एवढाच की आपण चिमटीने कोरडी पूड सोडतो, आणि तेथे पीठ पाण्यात कालवून, त्यात बुडवलेल्या बोटांनी वेलबुट्टी काढतात.

विकायला काय असते? बहुतेक सारे हातचे केलेले. चित्रे काढलेली भेटकार्डे, मातीचे मणी, बियांच्या माळा, शिवणकामाच्या पिशव्या. शिवाय मुलांच्या कथाकवितांची पत्रिका. एका बाजूला खाद्यपदार्थांची दुकाने. वाटाण्याची घुगनी, पुऱ्यांसारख्या मऊ लुच्या आणि बटाट्याची रसदार भाजी, तांदळाची खीर. ही शेवटची दुकाने सर्वांत आधी रिकामी होतात, हे सांगायला नकोच. सुटीसाठी मुलांना घरी न्यायला आलेले आईबाप, आश्रमातील शिक्षक, माजी विद्यार्थी, बोलपूरची मंडळी, सगळ्यांची दाटी होते. एरवी वर्गात खाली मान घालून बसणारा मुलगा येथे मोठमोठ्याने गिऱ्हाइके बोलावताना पाहून त्याची आई थक्क होते. आपल्या मुलाने काढलेले चित्र आपणच पैसे मोजून विकत घेण्याची वेळ एखाद्या वडिलांवर येते. घासाघीस केली तर चिरंजीव ऐकून घेत नाहीत!

ऐकून कसे घेणार? बाजारात मिळालेला नफा मुलांचा नसतो. तो गरजूंच्या साहाय्यासाठी जातो. म्हणून तेथे हिशेब फार चोख ठेवावा लागतो. समजा, दहा मुलांनी प्रत्येकी वीस रुपये घालून दोनशे रुपयांचे भांडवल जमवले आणि घुगनीचे दुकान काढले. वाटाणे, मसाला, कांदे, पळसाच्या पानांचे द्रोण ह्यांवर एकशे ऐंशी रुपये खर्च झाले. दहा रुपयांना एक, असे पन्नास द्रोण विकले गेले तर पाचशे रुपये येतील. शिल्लक वीस रुपये आणि विक्रीचे पाचशे, मिळून पाचशे वीस. त्यांतून भांडवलाचे दोनशे परत केले की तीनशे वीस रुपये निधीत पडतील. परंतु सायंकाळी अवचित सर आली, लोक पांगले आणि वीसच द्रोण खपले तर? तर विक्री दोनशे, शिल्लक वीस, आणि निधीत पडणार केवळ वीस रुपये. त्यात मित्र येऊन फुकट चव पाहून गेले असतील, तर तेही नाहीत. मित्राला ‘पैसे टाक’ म्हणणे किती अवघड असते, हे ज्याने दुकान मांडले त्यालाच ठाऊक. मला तर वाटते, वर्गातल्या फळ्यावरचे नफा-तोट्याचे शंभर हिशेब एकीकडे आणि ह्या एका संध्याकाळचा अनुभव एकीकडे!

महालयेची रात्र अमावास्येची. चंद्र नसतो. पटांगणावर दिवे लागतात, गाणी चालू असतात, कोठेतरी ढोल वाजत असतो. हळूहळू गर्दी ओसरते. मग बांबू उपटायचे, चटया गुंडाळायच्या, द्रोण वेचायचे आणि पटांगण झाडून काढायचे. आश्रमाची झाडलोट आपण करावयाची, हा धडा येथील मुलांना 1915 साली गांधीजींनी दिला. त्यांच्या सांगण्यावरून 10 मार्च रोजी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी नोकरांना रजा देऊन सारी कामे स्वतः केली होती, आणि दरवर्षी तो दिवस ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळण्याची प्रथा पडली.

दुसऱ्या दिवसापासून बोलपूरच्या स्थानकावर मुलांच्या झुंडी दिसू लागतात. घरी जाताना प्रत्येकाच्या बोलण्यात पुढच्या बेतांची यादी असते. सुटी संपून परतायचे, तो हिवाळ्याचे उत्सव समोर उभे. डिसेंबरच्या आरंभी, नंदलाल बसूंच्या 3 डिसेंबर ह्या जन्मदिनाला धरून, कलाभवनात नंदनमेळा भरतो. 1973 मध्ये सुरू झालेल्या ह्या मेळ्यात विद्यार्थी आणि शिक्षक आपल्या कलाकृती विकतात, आणि ते पैसे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवले जातात. मोठ्यांचा आनंदबाजारच म्हणा ना! त्यानंतर सातव्या पौषाला, म्हणजे 23 डिसेंबरच्या सुमारास, पौष उत्सव. तो तर शाळेचा वाढदिवसच. पाच मुलांची शाळा सुरू झाली ती ह्याच तिथीला. त्या दिवसांत बाउल गायक एकतारी घेऊन येतात.

पण हे सगळे सुटीनंतरचे. तूर्त आम्रकुंज मोकळे आहे. सप्तपर्णीला कळ्या धरू लागल्या आहेत. लवकरच तिचा उग्र सुगंध संध्याकाळी दूरवर पसरेल. झाडांखाली पहाटे शिउली गळून पडते, आणि वर्गात जाण्यापूर्वी ती ओंजळीत वेचून घेणारी मुले महिनाभर येथे नाहीत.